उलाळ गाडी : डेन्व्हर ते यलोस्टोन, एका ट्रेलरच्या वजनाचं प्रकरण

२०२३ च्या जूनअखेरीस आम्ही चौघं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघालो. मी, बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि माण तालुक्यातल्या गावाहून तीन महिन्यांसाठी आलेली आई. डेन्व्हरच्या उत्तरेला आमचं घर. पुढे पिकअप ट्रक आणि मागे चोवीस फुटी ट्रेलर : त्यातच पलंग, ओटा, संडास-न्हाणी, पाण्याची टाकी, गॅस. निघून दोन तास व्हायच्या आत आम्ही हायवेच्या कडेला उभे होतो आणि चौघांपैकी कुणाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता.

तिथपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काय झालं, ते आकड्यांसकट लिहितोय. अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, घेणारी किंवा भाड्याने नेणारी मराठी घरं आता बरीच आहेत, आणि तयारी म्हटलं की आपण सामानाची यादी करायला बसतो. त्या सामानाचं वजन किती आणि ते गाडीत कुठे बसलंय, हे विचारणारं मला आधी कुणी भेटलं नव्हतं. सगळे आकडे पौंडांत ठेवलेत, कारण गाडीवरचं प्रत्येक लेबल पौंडांत असतं. २.२ पौंड म्हणजे एक किलो.

निघण्याआधी काय केलं होतं

तयारी केलीच नव्हती असं नाही. ट्रेलर वापरलेला घेतला होता. टायरची नक्षी नवी वाटावी इतकी चांगली होती, पण टायरच्या कडेवर उत्पादनाचा चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर होतं ३५१४, म्हणजे २०१४ चा पस्तिसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले दहा महिने एका जागी उन्हात उभा असतो, नक्षी झिजत नाही, रबर मात्र आतून वाळतं. चारही टायर बदलले. चाकांचे बेअरिंग ग्रीस करून घेतले. गॅसच्या नळीवर साबणाचं पाणी लावून गळती तपासली. छतावरच्या एसीसकट उंची मोजली, ती दहा फूट दहा इंच भरली. तो आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवला. चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर पुन्हा आवळायचे, हेही ठरलं होतं.

सामान भरताना मात्र जिथे जागा दिसली तिथे भरत गेलो. या ट्रेलरचा ओटा मागच्या टोकाला आहे, म्हणून शिधा सगळा मागे. तांदळाची वीस पौंडांची दोन पोती, डाळी, पिठं, तेल, कुकर, बिडाचा तवा, कढई. ताज्या पाण्याची ३८ गॅलनची टाकी चाकांच्या मागच्या बाजूला, आणि ती घरूनच गळ्यापर्यंत भरली होती. सगळ्यात मागे, बंपरच्या स्टँडवर, दोन इलेक्ट्रिक सायकली. ट्रकच्या हौद्यात जनरेटर, जळाऊ लाकडं, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट आणि बर्फाची पेटी.

ज्याच्याकडून ट्रेलर घेतला त्याने आमच्या ट्रकची ओढण्याची क्षमता विचारली होती. ९,२०० पौंड म्हटल्यावर त्याने सांगितलं, मग काही बघायलाच नको. मीही ते मान्य केलं. तो आकडा खोटा नाही, पण त्यावर थांबता येत नाही हे मला नंतर कळलं.

वेलिंग्टनच्या पुढे

फोर्ट कॉलिन्स मागे पडलं, वेलिंग्टन गेलं की वायोमिंगच्या हद्दीपर्यंत दोन्ही बाजूंना नुसती कुरणं. वारा अडवायला काही नाही. दुपारचे तीन वाजले होते, वेग ताशी ६५ मैल. डाव्या बाजूने एक अठरा चाकी ट्रक पुढे निघाला. त्याच्या तोंडाने ढकललेली हवा आधी आमच्या ट्रेलरला बाहेर रेटते आणि तो पुढे सरकला की आत ओढते, हे नेहमीचं. तेवढं जाणवलं. पण ट्रक निघून गेल्यावरही ट्रेलर स्थिर होईना. त्याचा मागचा कोपरा उजव्या आरशात दिसला, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त. चौथ्या हेलकाव्याला माझ्या ट्रकचं मागचं अंगही त्याच्याबरोबर सरकायला लागलं.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो दाबला असता, तर पुढची गाडी आवरली असती आणि मागचे सहा हजार पौंड तिच्यावर आडवे आले असते. डॅशबोर्डखाली ट्रेलर-ब्रेकचा वेगळा खटका असतो. तो सरकवला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि ट्रेलर मागून ताणून धरल्यासारखा सरळ होतो. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, उलटसुलट फिरवून झोका मारायला जायचं नाही, आणि तो खटका. घरासमोरच्या रस्त्यावर त्याचा सराव केला होता, म्हणून हात तिथे गेला. वेग तीसवर आला तसा ट्रेलर शांत झाला.

कडेला उभे राहिलो. बायकोने मुलीचा हात घट्ट धरला होता. आई मात्र उतरली, पदर खोचून कुंपणापर्यंत चालत गेली आणि तिथून गाडीकडे आडवं बघत उभी राहिली. ट्रेलरचं नाक किंचित वर होतं, शेपूट खाली. मला ते रोज बघूनही दिसलं नव्हतं.

"आरं, ही गाडी उलाळ हाय," ती म्हणाली. "मागं काय काय भरलंयस?"

हा शब्द मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. आईच्या माहेरी बैलगाडी होती, कडब्याच्या गाडीवर बसून ती शेतातून घरी यायची. दोन चाकी गाडीत ओझं चाकाच्या मागे जास्त गेलं की जू वर उचलतं, बैलाच्या मानेवर भार राहत नाही आणि गाडी मागे कलते. ती उलाळ. चालती गाडी उलाळ झाली की ती बैलाच्या हाती राहत नाही. ट्रेलरही शेवटी दोन बाजूंना चाकं असलेली गाडीच, फक्त जुवाच्या जागी हिचचा, म्हणजे ट्रेलर ट्रकला अडकवायच्या जोडणीचा, गोळा.

गोळ्यावरचा भार

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढे हिचच्या गोळ्यावर पडायला हवा. याला इथे टंग वेट म्हणतात. तेवढा भार असला की ट्रेलरचा गुरुत्वमध्य चाकांच्या पुरेसा पुढे राहतो, आणि बाजूने धक्का बसला तरी चाकं त्याला ओढून रेषेत आणतात. भार कमी पडला, म्हणजे वजन मागे सरकलं, की ट्रेलर गोळ्याभोवती लंबकासारखा झुलायला लागतो. कमी वेगाला हे झोके आपोआप मरतात. एका ठरावीक वेगाच्या वर मरत नाहीत, वाढतात. तो वेग किती, हे वजन कुठे बसलंय त्यावर ठरतं. म्हणून गावातल्या रस्त्यावर आणि ५० मैलांच्या वेगाला आम्हाला काहीही जाणवलं नव्हतं.

काही जण यावर हिचला झोके आवरणारी घर्षणाची पट्टी लावायला सांगतात. माझं मत स्पष्ट आहे : भार आधी बरोबर करायचा, पट्टी त्यानंतर. उलाळ गाडीला पट्टी लावणं म्हणजे ताप दाबून ठेवणं.

पंचेचाळीसच्या वेगाने शायेनपर्यंत गेलो. तिथे ट्रकवाल्यांच्या थांब्यावर वजनकाटा असतो. साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा काट्यावर घेतात, तसंच इथेही करायचं. फरक एवढाच की या काट्याला वेगवेगळे पाट असतात, त्यामुळे ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन वेगवेगळं मिळतं. आधी ट्रेलरसकट काट्यावर चढलो, भार वाटून देणाऱ्या हिचच्या स्प्रिंग-दांड्या काढून ठेवून. मग ट्रेलर बाजूला उभा केला आणि तोच ट्रक, त्याच माणसांसकट आणि सामानासकट, पुन्हा काट्यावर नेला.

ट्रेलरसकट : पुढची चाकं ३,०२०, मागची ३,८६०, ट्रेलरची ५,७६०. एकूण १२,६४०.
नुसता ट्रक : ६,४६०.

वजाबाकी मुलीने वहीत केली. ट्रेलरचं वजन ६,१८०. ट्रेलर जोडल्यावर ट्रकच्या चार चाकांवर पडतात ६,८८०, म्हणजे गोळ्यावरचा भार फक्त ४२०. सहा हजारांवर चारशे वीस, सात टक्केही नाहीत.

एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडतं

पहिला विचार साहजिकच मागचं सामान पुढे सरकवण्याचा होता. मी उठलोही होतो. आई म्हणाली, "फुडं सारलंस तर बैलाची मान धरंल." जुवावर अती भार आला की बैलाला खांदेसूज येते, हे तिला माहीत होतं. तिच्या त्या वाक्यामुळे मी ट्रकच्या दारावरचं लेबल वाचायला गेलो.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं-पांढरं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जायचं नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. आमचा आकडा १,४८० पौंड. ट्रेलरचा गोळ्यावरचा भारही याच आकड्यात मोजायचा. ओढण्याची क्षमता ९,२०० असली तरी ट्रकच्या पाठीवर मावायचं ते या १,४८० मध्येच.

आमचा हिशेब असा निघाला. चार माणसं ६००. हिचचं लोखंड ६०. बर्फाची पेटी ६०. जनरेटर १००, लाकडं ८०, बाटल्या ४०. झाले ९४०. उरले ५४०. आणि ६,१८० च्या ट्रेलरला बारा टक्क्यांनी ७४० चा भार पाहिजे. सामान नुसतं पुढे सरकवलं असतं, तर ट्रेलर सरळ चालला असता आणि ट्रकचे मागचे टायर, स्प्रिंग, ब्रेक मर्यादेबाहेर गेले असते. तसं ते दिसतही नाही. घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की मगच कळतं.

वजन हलवून भागणार नव्हतं. उतरवायलाच हवं होतं.

त्या रात्री ट्रेलर शायेनच्या एका कॅम्पग्राउंडवर उभा केला. पाण्याच्या टाकीची तोटी उघडली. १४४ लिटर म्हणजे ३१७ पौंड पाणी गवतात जाताना माणच्या बाईला बघवेना. ती आत जाऊन बसली. सायकली स्टँडसकट १६० पौंड भरल्या. एवढ्या मागे टांगलेलं वजन तरफेच्या लांब टोकावर बसलेल्या माणसासारखं काम करतं. माझ्या अंदाजे हिशेबाने, त्या १६० पौंडांनी एकट्यांनी गोळ्यावरचा शंभरेक पौंड भार उचलून धरला होता. फोर्ट कॉलिन्सला ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे. रात्री आठला फोन केला, नुसता ट्रक घेऊन पंचेचाळीस मैल मागे गेलो आणि त्यांच्या गॅरेजमध्ये सायकली, स्टँड, जनरेटर, लाकडं, बाटल्या सगळं ठेवून आलो. त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे परतायला मध्यरात्र झाली.

तोवर बायको, आई आणि मुलीने घरून आणलेल्या न्हाणीतल्या वजनकाट्यावर शिध्याची एकेक पिशवी मोजली होती. तांदूळ, पिठं, तेल, बिडाची भांडी असं १५० पौंड सामान मागच्या ओट्यातून काढून पुढच्या पलंगाखालच्या कप्प्यात गेलं. कुकरवर बराच वेळ चर्चा झाली. तो राहिला, आणि राहिला ते बरं झालं. यलोस्टोनचं तळं ७,७०० फुटांच्या वर आहे, तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजायला अर्धा गॅस गेला असता.

सकाळी सहाला पुन्हा त्याच काट्यावर. नुसता ट्रक ६,२४०. ट्रेलरसकट एकूण ११,९४०, त्यात ट्रकच्या चाकांवर ६,९४०. म्हणजे ट्रेलर ५,७०० आणि गोळ्यावर ७००. बारा टक्क्यांच्या थोडं वर. ट्रकची स्वतःच्या वजनासकट एकूण मर्यादा ७,०००, तिच्यात साठ पौंड शिल्लक.

मग स्प्रिंग-दांड्या लावून तिसरं वजन. याचं कारण असं : गोळ्यावर ७०० चा भार आला की ट्रकचं मागचं अंग बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक जमिनीला कमी धरतात. दांड्यांशिवाय पुढच्या चाकांवर २,८६० होते, नुसत्या ट्रकला ३,१६० असतात. दांड्या ताणल्यावर पुढे ३,०६०, मागे ३,७६० आणि ट्रेलरच्या चाकांवर ५,१२०. तीनशेपैकी दोनशे पौंड पुढच्या चाकांना परत मिळाले. गोळ्याची उंचीही एक भोक खाली घेतली. आई परत लांब जाऊन उभी राहिली. "आता हाय," एवढंच बोलली.

वारा

शायेनच्या उत्तरेला, व्हीटलंडच्या अलीकडे बोर्डो नावाची जागा आहे. आय-२५ वर आडव्या वाऱ्याने गाड्या उलटण्यासाठी ती बदनाम आहे. वायोमिंगचं रस्ते खातं वारा वाढला की हलक्या आणि उंच गाड्यांना तो टप्पा बंद करतं, आणि ट्रेलर त्यात आलाच. वारा साधारण दुपारकडे चढतो, म्हणून सकाळची वेळ साधायची होती. बोर्डोला आम्ही आठच्या सुमारास होतो. कुंपणाला अडकलेलं वाळकं गवत आडवं फडफडत होतं, आणि समोरून आलेल्या एका मालट्रकच्या मागे आमचा ट्रेलर एकदा हलला. मी आरशात बघत होतो. एकदाच हलला आणि रेषेत आला.

वेग ६० च्या वर नेला नाही. ट्रेलरच्या बऱ्याच टायरना ताशी ६५ मैलांचीच मर्यादा असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कॅस्परला टाकी भरली, कारण पुढे शोशोनीपर्यंतच्या शंभरेक मैलांत भरवशाचे पंप फारसे नाहीत आणि ट्रेलर ओढताना आमचा ट्रक गॅलनला दहा मैलच देतो. मग विंड रिव्हरची घळ : एका बाजूला रेल्वे, एका बाजूला रस्ता, मध्ये नदी, आणि खडकातून कोरलेले तीन बोगदे. घळीतून बाहेर पडल्यावर याच नदीला बिगहॉर्न म्हणतात. मुक्काम थर्मोपोलिसला. तिथे राज्य सरकारचं गरम पाण्याचं स्नानगृह आहे, फुकट, वीस मिनिटांची मर्यादा. आईला वज्रेश्वरीची आठवण झाली.

कोडीचा एक रात्रीचा मुक्काम रद्द करावा लागला, पण फिशिंग ब्रिजचं आरक्षण वाचलं. कोडीची ती रात्र वेळापत्रकात मोकळीच ठेवली होती, ती इथे कामी आली. यलोस्टोनच्या आत वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्हींची जोडणी असलेली ही एकच जागा, आणि अस्वलांच्या वावरामुळे तिथे तंबू चालत नाहीत, कडक भिंतींची गाडीच लागते. पूर्वेच्या दारातून सिल्व्हन खिंड ८,५२४ फुटांवर. तिथून तळ्याकडे उतरताना ट्रक टो-मोडवर, म्हणजे ओझं ओढण्यासाठीच्या सेटिंगवर, आणि खालच्या गिअरवर ठेवला. खाली थांबून चाकांजवळ हात नेऊन बघितला. नेहमीइतकीच ऊब होती.

पुढच्या दोन रात्री मॅडिसनला, जिथे जोडणी काही नाही. जनरेटर फोर्ट कॉलिन्सला राहिल्याची किंमत इथे मोजली. हीटरचा पंखा रात्रभर चालला तर बॅटरी पहाटे बसणार, म्हणून तो दहा अंशांवर ठेवला आणि आईच्या दोन गोधड्या बाहेर निघाल्या. पाण्याची टाकी तिथे पोचल्यावरच भरली आणि निघायच्या आधी पुन्हा रिकामी केली. अंघोळीचा फवारा आईने पहिल्याच दिवशी बंद करायला लावला. तिच्या हिशेबाने माणशी एक बादली, त्यातलं पायावरून गेलेलं पाणी संडासाला. चौघांना दोन दिवस १४४ लिटर पुरून पाव टाकी उरली.

परतताना शायेनला पुन्हा एकदा काट्यावर गेलो, कारण शिधा संपला होता आणि तो पुढच्या कप्प्यातला होता. गोळ्यावर ६२० निघाले. ट्रेलर ५,५६०, म्हणजे अकरा टक्के. चालेल इतपत.

फोर्ट कॉलिन्स वाटेतच लागलं. सामान घ्यायला थांबलो नाही. पुढच्या शनिवारी कार घेऊन दोन फेऱ्या केल्या.